शहराची वेस कोणी ठरवायची?

हद्दवाढ म्हणजे नकाशावरची रेषा पुढे सरकवणे एवढेच नव्हे. त्या रेषेबरोबर कर, पाणी, जमीन आणि गावाचा कारभार यांचे मालक बदलतात. कोल्हापूरच्या पन्नास वर्षांहून जुन्या वादाच्या निमित्ताने, शहराच्या कडेचे कोणते गाव शहराचे मानावे, या प्रश्नाचा हा वेध.

पूर्वी गावाला वेस असे. वेशीच्या आत घरांची पांढरी, बाहेर शेतांची काळी. गाव कुठे संपते, हे सांगायला नकाशा लागत नसे. पुढे शहरांना जकात नाके आले. मालमोटारींची रांग दिसली, की शहराची हद्द आली, हे एस.टी.तल्या प्रवाशालाही कळत असे. आज वेशीच्या कमानी उरल्या त्या शोभेपुरत्या आणि जकात नाकेही इतिहासजमा झाले. कोल्हापुरातून पाचगावच्या दिशेने निघालेल्या माणसाला शहर नेमके कोणत्या घरापाशी संपले आणि गाव कोणत्या घरापाशी सुरू झाले, हे सांगता येणार नाही. घरांची रांग तुटत नाही, दुकानांच्या पाट्या बदलत नाहीत. बदलते ती एकच गोष्ट. अलीकडच्या घराचा घरफाळा महापालिकेत भरला जातो आणि पलीकडच्या घराचा ग्रामपंचायतीत.

ही न दिसणारी रेषा कुठून जावी, यावर महाराष्ट्रातील अनेक लहान-मध्यम शहरांत वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. मोर्चे निघतात, गावे बंद राहतात, शिष्टमंडळे मुंबईला जातात आणि प्रस्ताव पुन्हा फायलीत जातो. कडेचे गाव शहरात ‘आले’ असे कधी म्हणायचे? ते कोणी ठरवायचे? आणि ठरवताना कोणते माप वापरायचे?

एक नाव, तीन शहरे

गोंधळाचे पहिले कारण असे, की ‘शहर’ या एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिले शहर कायद्याचे. राज्य सरकारच्या अधिसूचनेत ज्या भागाची नोंद आहे, तेवढेच शहर. दुसरे शहर डोळ्यांना दिसणारे, म्हणजे सलग वस्तीचे. तिसरे शहर रोजच्या व्यवहाराचे. सकाळी कामाला, शाळेला, दवाखान्याला आणि बाजाराला जिथून माणसे येतात, तिथपर्यंत पसरलेले. ही तीन शहरे क्वचितच एकमेकांशी जुळतात. कायद्याचे शहर बहुधा सर्वांत लहान असते आणि व्यवहाराचे सर्वांत मोठे.

जगभरात या तिन्ही मापांचा वापर होतो. अमेरिकेत महानगर क्षेत्र ठरवताना माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व आहे. एखाद्या कडेच्या काउंटीतील किमान २५ टक्के नोकरदार मध्यवर्ती काउंटीत कामाला जात असतील, तर ती त्या महानगर क्षेत्रात धरली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत प्रशासकीय सीमा बाजूला ठेवून जमिनीचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडले जातात. दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० वस्ती असलेले सलग चौकोन एकत्र करून त्यांची लोकसंख्या ५० हजारांवर गेली, की ते नागरी केंद्र ठरते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. त्या केवळ मोजण्यासाठी आहेत. त्यांनी कोणाचा कर बदलत नाही आणि कोणाचा सरपंच जात नाही.

भारतातही मोजणीचे काम जनगणना करते आणि कारभाराचे काम राज्य सरकारची अधिसूचना. या दोहोंतील अंतर समजून घेतल्याशिवाय हद्दवाढीचा वाद उलगडत नाही.

जनगणनेचे माप

जनगणनेच्या दृष्टीने शहरे दोन प्रकारची. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटकमंडळ असलेले ते वैधानिक शहर. तसे काही नसतानाही तीन निकषांवर उतरणारे गाव म्हणजे जनगणना शहर. लोकसंख्या किमान ५ हजार, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाह्य व्यवसायांत आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, असे हे निकष आहेत. अशा गावाला जनगणना शहर म्हणते, पण त्याचा कारभार ग्रामपंचायतच करते. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. त्याच वेळी वैधानिक शहरे होती ४,०४१. म्हणजे देशातील जवळपास निम्मी ‘शहरे’ कायद्याने गावेच होती.

याखेरीज ‘बाह्य वाढ’ आणि ‘नागरी समूह’ असे आणखी दोन शब्द जनगणना वापरते. वैधानिक शहराला लागून असलेली, पण शेजारच्या गावाच्या महसुली हद्दीतली रेल्वे वसाहत, विद्यापीठाचा परिसर किंवा लष्करी तळ म्हणजे बाह्य वाढ. शहर, त्याच्या बाह्य वाढी आणि त्याला खेटून असलेली इतर शहरे मिळून नागरी समूह होतो.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या ५,४९,२३६ होती आणि कोल्हापूर नागरी समूहाची ५,६१,८३७. फरक केवळ १२,६०१. कोल्हापूरच्या आसपासची गजबज पाहिलेल्या कोणालाही हा आकडा तोकडा वाटेल. एखादे गाव स्वतः शहराच्या निकषांत बसत नसेल, तर त्यातील निम्म्या घरांतली माणसे रोज कोल्हापुरात कामाला येत असली, तरी ते या समूहात येत नाही. भारतीय जनगणना नागरी समूह ठरवताना वस्तीची सलगता पाहते, रोजची ये-जा पाहत नाही.

राज्यघटनेचे पाच निकष

कारभाराची हद्द ठरवण्याचे सूत्र राज्यघटनेत आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ क्यू आणला. त्याने नागरी भागांचे तीन वर्ग केले. ग्रामीणकडून नागरीकडे जाणाऱ्या संक्रमणशील भागासाठी नगरपंचायत, लहान नागरी भागासाठी नगरपालिका आणि मोठ्या नागरी भागासाठी महापालिका. कोणता भाग कोणत्या वर्गात घालायचा, हे राज्यपालांनी पाच गोष्टी ध्यानात घेऊन ठरवायचे आहे. लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, शेतीबाह्य रोजगाराचे प्रमाण आणि त्या भागाचे आर्थिक महत्त्व. राज्यपालांना योग्य वाटतील असे अन्य घटकही त्यांत येतात. राज्यपाल म्हणजे व्यवहारात राज्य सरकार.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार महापालिकेशी विचारविनिमय करून राज्य सरकार तिची हद्द वाढवू किंवा कमी करू शकते. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. यातला ‘विचारविनिमय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. गावाने हरकत घेतली, तर ती ऐकली पाहिजे. मात्र ती मान्य केलीच पाहिजे, असे बंधन नाही. कायद्याने निर्णय सरकारचा, पण राजकारणात तो गावाच्या मतपेटीतून जातो. हद्दवाढीचे प्रस्ताव अडकतात ते याच दोन सत्यांच्या मध्ये.

पाच निकषांत घटनेने आकडा एकाचाही दिलेला नाही. घनता किती असावी, शेतीबाह्य रोजगार किती टक्के असावा, हे राज्यांवर सोपवले आहे. त्यामुळे ‘हे गाव शहराचे का आणि शेजारचे का नाही’ या साध्या प्रश्नाला अनेकदा मोजमापाचे उत्तर मिळत नाही. उत्तर मिळते ते यादीचे. आणि यादी बदलत राहते.

कोल्हापूरची न हललेली रेषा

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महापालिका झाली. दर्जा बदलला, पण हद्द नगरपालिकेचीच राहिली, ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यानंतर राज्यातल्या अनेक शहरांच्या हद्दी वाढल्या, नव्या महापालिका जन्माला आल्या. कोल्हापूरची रेषा मात्र जागची हलली नाही. जानेवारी २०२६ मधील महापालिकेची निवडणूकही जुन्याच हद्दीत झाली.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९० मध्ये ४२ गावांचा प्रस्ताव पुढे आला. गावांनी विरोध केला. पुढे यादी आखडत गेली. १८ गावे आणि शिरोली व गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहती, असा प्रस्ताव २०१६ च्या सुमारास ऐरणीवर आला. शहरात हद्दवाढीच्या बाजूने आंदोलन आणि गावांत विरोधात आंदोलन, असे चित्र उभे राहिले. तोडगा म्हणून हद्दवाढीऐवजी प्राधिकरणाची घोषणा झाली. २०२१ मध्ये १८ गावांचा प्रस्ताव पुन्हा शासनाकडे गेला. २०२५ मध्ये चर्चा आठ गावांपर्यंत खाली आली. बेचाळीस, अठरा, आठ. आकडे उतरत गेले, याचे कारण गावे कमी नागरी झाली असे नाही. उलट या काळात ती अधिकाधिक शहरासारखी होत गेली. उतरली ती राजकीय तयारी.

प्रस्तावांत वेळोवेळी आलेली ही गावे एका साच्यातली नाहीत. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा ही शहराला खेटून असलेली निवासी उपनगरे. गांधीनगरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ दरम्यान, वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि त्यातून कापडाच्या घाऊक बाजारपेठेचे गाव उभे राहिले. उजळाईवाडीत विमानतळ, शिरोलीत कारखाने. याउलट पंचगंगेपलीकडची वडणगे, आंबेवाडी ही गावे आजही ऊस, भाजीपाला आणि दूध यांवर उभी आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच पट्ट्याला पाण्याने वेढले होते. ‘४२ गावे’ म्हणून सर्वांना एका दोरीत बांधणे हीच मुळात चूक होती, असे म्हणायला जागा आहे.

शहराची बाजू

शहराचे म्हणणे साधे आहे. वाढायला जागा नाही. २०११ मध्ये कोल्हापूरची घनता दर चौरस किलोमीटरला ८,२०० च्या आसपास होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या ४,९३,१६७ वरून ५,४९,२३६ झाली, म्हणजे जेमतेम ११ टक्के वाढ. त्याच काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. कोल्हापूरसारखे व्यापार-उद्योगाचे शहर राज्याच्या सरासरीपेक्षा मंद गतीने वाढते, हे खरे वाटण्यासारखे नाही. वाढ झाली, पण हद्दीबाहेर. तिची नोंद गावांच्या खात्यावर झाली.

शेजारच्या सांगलीशी तुलना केली, की हे अधिक स्पष्ट होते. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली. तिचे क्षेत्रफळ ११८.१८ चौरस किलोमीटर आणि २०११ मधील लोकसंख्या ५,०२,७९३. लोकसंख्या कोल्हापूरपेक्षा कमी, जागा मात्र पावणेदोन पट. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. पक्षकार, वकील, कार्यालये, निवासस्थाने यांचा भार येणार तो शहरावर. पण हद्दीच्या आत मोकळी जमीन कमी आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. गावांतील लोक शहरातले रस्ते वापरतात, केएमटीच्या बसने येतात, महापालिकेच्या दवाखान्यांत आणि उद्यानांत येतात, मात्र घरफाळा शहरात भरत नाहीत. बसचा तोटा शहरातील करदात्याने सोसायचा आणि फायदा हद्दीबाहेरच्याने घ्यायचा, हा शहरातील जुना सल आहे. गावांना हद्दवाढ नको असेल, तर तेथील बस बंद करा, अशी मागणीही हद्दवाढ समर्थकांनी वेळोवेळी केली. या तक्रारीची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. गावातला माणूस शहरात येतो तो रिकाम्या हाताने नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात, महाद्वार रोडच्या दुकानांत खर्च होणारा त्याचा पैसा शहराचीच अर्थव्यवस्था चालवतो.

तिसरा मुद्दा नदीचा आणि तो सर्वांत गंभीर. हद्दीबाहेर उभ्या राहिलेल्या वसाहतींचे सांडपाणी ओढ्या-नाल्यांतून पंचगंगेला मिळते. ग्रामपंचायतीकडे भुयारी गटाराची आणि शुद्धीकरण केंद्राची ऐपत नसते. महापालिकेचे स्वतःचे सांडपाणीही वर्षानुवर्षे नदीत मिसळत आले आहे, हे खरे. पण नदीला हद्द समजत नाही. वरच्या अंगाला कोण जबाबदार, याचा निवाडा होईपर्यंत खालच्या अंगाच्या लोकांना तेच पाणी प्यावे लागते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली, तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

गावाची बाजू

गावांचा विरोध हा अडाणीपणा किंवा केवळ पुढाऱ्यांची खेळी आहे, असे शहरात सहज बोलले जाते. सरपंचपद जाईल, पंचायत समितीतील आणि जिल्हा परिषदेतील वजन जाईल, ही पुढाऱ्यांची भीती आहेच. पण सामान्य गावकऱ्याचा हिशेबही पक्का आहे.

पहिली गोष्ट घरफाळ्याची. शहराचा दर ग्रामपंचायतीच्या दरापेक्षा जास्त असतो. नव्या भागाला तो टप्प्याटप्प्याने लावला जातो, हे खरे. पण आज ना उद्या तो लागतोच. दुसरी गोष्ट जमिनीची. शहराच्या विकास आराखड्यात रस्ता, उद्यान, शाळा यांसाठी आरक्षणे पडतात. एक-दोन एकर बागायत असलेल्या शेतकऱ्याच्या गटावर आरक्षणाचा शिक्का पडला, की जमीन विकताही येत नाही आणि कसण्यातही मन लागत नाही. तिसरी गोष्ट योजनांची. ग्रामीण घरकुल, ग्रामीण पाणीपुरवठा, वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला मिळणारा निधी, हे सारे गाव शहरात गेले की थांबते. शहरी योजना मिळतात, पण त्यांच्या रांगेत गाव शेवटी उभे राहते.

चौथी गोष्ट सर्वांत खोल आहे. ग्रामपंचायतीत सरपंच दाराशी असतो. पाणी आले नाही, तर बाई हंडा घेऊन त्याच्या अंगणात जाते. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. महापालिकेत त्याच गावाचा एखाद-दुसरा नगरसेवक ८१ जणांच्या सभागृहात बसणार आणि अभियंता चार किलोमीटरवरच्या कार्यालयात. गावाला शहर नको असते असे नाही. त्याला शहराच्या कारभारातली शेवटची ओळ व्हायचे नसते.

आणि गावाकडे एक बिनतोड सवालही असतो. आहे त्या शहरात तुम्ही काय केले? काळम्मावाडीहून थेट जलवाहिनीचे पाणी कोल्हापूरला मिळायला २०२३ उजाडावे लागले. शहरातल्याच उपनगरांत रस्ते आणि गटारे अपुरी आहेत. मग आमच्या वाट्याला काय येणार? या प्रश्नाला महापालिकेच्या प्रस्तावांत फारसे उत्तर सापडत नाही.

मधला मार्ग, पण अर्धा

ऑगस्ट २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. कल्पना चुकीची नव्हती. गावांची ग्रामपंचायत राहील, पण रस्त्यांची आखणी, जमिनीचा वापर आणि बांधकाम परवानगी एका संस्थेकडे जाईल. परंतु प्राधिकरण नळाला पाणी देत नाही, कचरा उचलत नाही, बस चालवत नाही. निधी आणि मनुष्यबळ अपुरे असल्याची टीका त्याच्यावर सुरुवातीपासून झाली. परवानगीसाठी ग्रामपंचायतीऐवजी आणखी एका कार्यालयाचे खेटे, एवढाच गावकऱ्याचा अनुभव राहिला, तर त्याला मधला मार्ग म्हणणे कठीण आहे.

दरम्यान हद्दवाढीमागचे जुने आर्थिक गणितही बदलले. जकात असताना नवी औद्योगिक वसाहत हद्दीत आली, की तिजोरीत थेट भर पडे. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते ती आधीच्या उत्पन्नावर बेतलेली. नवे गाव घेतल्याने मिळतो तो प्रामुख्याने घरफाळा आणि बांधकामाचे शुल्क. आणि खांद्यावर येते गटार, पाणी, दिवाबत्ती आणि शाळांची जबाबदारी. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्याने बांधकामाचे नियमही हद्दीच्या आत-बाहेर बऱ्याच अंशी सारखे झाले. म्हणजे हद्दवाढ हा आता उत्पन्नाचा सोपा मार्ग राहिलेला नाही. ती मुख्यतः जबाबदारी आहे.

इतरांचे अनुभव

रेषा पुढे नेली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावे आली. विरोधामुळे काही वर्षांतच त्यांतील काही गावे पूर्णपणे, तर काही अंशतः वगळली गेली. दोन दशकांनी चाक पुन्हा फिरले. २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावे समाविष्ट झाली आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षाही मोठी झाली. वगळण्यापासून पुन्हा घेण्यापर्यंतच्या काळात त्या गावांत जी घरे उभी राहिली, त्यांना रस्त्याची रुंदी आणि गटाराची जागा शोधायची वेळ नंतर आली.

त्यांतील उरुळी देवाची आणि फुरसुंगीची कथा बोलकी आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे या गावांच्या शिवारात पडत होता. म्हणजे शहराने आपला कचरा आधी पाठवला आणि हद्द नंतर. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत आली. कर वाढला, सोयी मिळाल्या नाहीत, या तक्रारीवरून डिसेंबर २०२२ मध्ये ती वगळण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांचा प्रवासही असाच. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये परत आत आली. ज्या काळात नियोजन सर्वाधिक गरजेचे होते, त्याच काळात त्या गावांचा पालक निश्चित नव्हता. रेषा इकडून जावी की तिकडून, यापेक्षा ती वारंवार हलणे अधिक घातक, हा या अनुभवांचा धडा आहे.

मग कोणते गाव शहराचे?

या साऱ्यातून काही कसोट्या हाती लागतात. पहिली, सलगता. शहराची वस्ती आणि गावाची वस्ती यांत शेताचा पट्टा उरला आहे का? दुसरी, पोट. गावातील बहुतेकांचे पोट शेतीवर आहे, की शहरातील नोकरी-व्यवसायावर? तिसरी, पाणी आणि सांडपाणी. एकाच पाणी योजनेवर आणि एकाच नाल्यावर दोघे अवलंबून असतील, तर दोन कारभारी ठेवण्यात अर्थ नाही. चौथी कसोटी शहराची आहे. त्या भागाला गटार, रस्ता आणि पाणी किती वर्षांत देणार आणि त्याचा पैसा कोठून येणार, हे महापालिका लेखी सांगू शकते का?

या कसोट्या लावल्या, तर पाचगाव किंवा मोरेवाडी आणि वडणगे यांना एकच उत्तर मिळणार नाही आणि मिळूही नये. काही गावे आजच शहर आहेत. फक्त कागद मागे राहिला आहे. काही गावे संक्रमणात आहेत आणि त्यांच्यासाठी घटनेने नगरपंचायतीची सोय करून ठेवली आहे. काही गावे गावेच राहावीत. पुराच्या पट्ट्यातील शिवारे तर शहराच्या भल्यासाठीच मोकळी राहणे आवश्यक आहे. नदीला पसरायला जागा लागते आणि ती जागा विकासाच्या नावाखाली भरून काढली, की पाणी शहरात शिरते.

कोल्हापूरच्याच पोटात याचे एक उत्तर आहे. कसबा बावडा एकेकाळी वेगळे गाव होते. आज ते महापालिकेत आहे, तरी तेथील माणूस स्वतःची ओळख बावड्याचा म्हणूनच सांगतो. शहरात गेल्याने गाव पुसले जाते, ही भीती सर्वस्वी खरी नाही. पण शहरात गेल्याने गाव आपोआप सुधारते, हे आश्वासनही तितकेच खोटे आहे.

२०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्या दिवशी ज्या रेषा होत्या, त्यांनुसार माणसे मोजली जातील. पुढची अनेक वर्षे निधीचे वाटप, प्रभागांची रचना आणि योजनांची पात्रता त्या आकड्यांवर ठरेल. कडेच्या वसाहतीत राहणारे, शहरात राबणारे कुटुंब त्या मोजणीत ‘ग्रामीण’ म्हणून नोंदले जाऊ शकते. त्याला शहरात घ्यावे की नाही, हा वाद चालूच राहील. ते दोन्हीकडून वगळले जाऊ नये, एवढी दक्षता घेणे मात्र कोणत्याही रेषेविना शक्य आहे. नळाला पाणी आणि गटाराला वाट, या दोन गोष्टी मिळाल्या, तर वेस कुठे आहे, याची फिकीर त्या घरातली बाई करणार नाही.